ध्वज आणि लेझीम : पथकांच्या स्पर्धात्मक सादरीकरणातील रचनेचा विचार

गणेशोत्सवापूर्वीच्या दोन महिन्यांत दिंडोशीच्या उतारावर संध्याकाळी जो कोणी फिरकला असेल त्यास ढोलताशाच्या सरावाचा घोष अपरिचित असणार नाही. एका अंगास द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगास चित्रनगरीची टेकडी, आणि मधल्या पट्ट्यात नागरी निवारा वसाहतीच्या इमारती व त्यांच्या भोवतीची दाट वस्ती. अशा जागी जे थोडे मोकळे मैदान उरले आहे त्यावर पावसाने चिखल झाला असला तरी मुलेमुली कमरेला ढोल बांधून उभी राहतात. कोणी कचेरीतून परस्पर आलेले असतात, कोणी महाविद्यालयातून. या मंडळींत कोकणातील घराण्यांचा भरणा मोठा असल्यामुळे शिमग्याची पालखी नाचविण्याचा संस्कार अनेकांच्या अंगी लहानपणापासून असतो. घाटावरून आलेल्यांनी गावच्या जत्रेतील लेझीम पाहिलेली असते. उपनगरातील पथक हे अशा दोन-तीन परंपरांच्या संगमातून उभे राहिलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्या सादरीकरणाकडे केवळ उत्सवी हौस म्हणून न पाहता एक रचना म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

मिरवणूक आटोपल्यावर हीच पथके स्पर्धांत उतरतात. प्रस्तुत लेखकाने मुंबई उपनगरांत व पुण्याच्या बाजूस अशी जी सादरीकरणे पाहिली त्यांपैकी बहुतेकांत एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. ढोल, ताशा, टोल, झांज आणि ध्वज ही पथकाची पाच अंगे मानली, तर पहिल्या चारांस प्रत्येक क्षणी काही ना काही काम असते. ध्वजास मात्र ते नसते. ध्वजधारी मुलेमुली ढोलांच्या मागे अथवा दोन्ही बाजूंस ओळीने उभी राहतात. ताशाची तर्री वाढत जाऊन ताल टिपेला पोचला की पुढे धावतात, ध्वज उजवीडावीकडे नाचवितात, आणि गजर ओसरताच पुन्हा जागेवर जातात. हे दृश्य क्षणभर अंगावर रोमांच आणते यात शंका नाही. परंतु तेच दृश्य त्याच क्रमाने तिसऱ्यांदा घडते तेव्हा ते रचनेचा भाग राहत नाही; उद्गारचिन्हांची पुनरुक्ती होते.

असे का व्हावे? उत्तर प्रथम जागेत शोधावयास हवे. मिरवणुकीत प्रेक्षक रस्त्याच्या दुतर्फा उभा असतो आणि पथक त्याच्या समोरून सरकत जाते. त्यास पथकाचा आरंभ दिसतो, मध्य दिसतो, शेवट दिसतो; ध्वज पुढे असतो म्हणून तो ‘येत आहेत’ असे सांगतो. मिरवणुकीची रचना ही अशा रीतीने काळात उलगडणारी आणि अवकाशात एकरेषीय असते. स्पर्धेचे मैदान याच्या उलट आहे. तेथे प्रेक्षक व परीक्षक एका बाजूस बसलेले असतात, पथक स्थिर चौकटीत असते आणि वेळ मोजका असतो. सरकण्याने जो बदल आपोआप मिळत होता तो येथे रचनाकाराला निर्माण करावा लागतो. आपली पथके मात्र मिरवणुकीची मांडणी उचलून जशीच्या तशी मैदानावर ठेवतात. ढोलाचे यात फारसे बिघडत नाही, कारण नाद चौकटीबाहेरही जातो. ध्वजाचे मात्र सर्वस्वी बिघडते, कारण पुढे नेणे हेच ज्याचे काम, त्याला पुढे जाण्यास वाटच उरलेली नसते. अलीकडे भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासाठी व आकाशातून फिरणाऱ्या ड्रोनसाठी वर्तुळे आणि नक्षत्राकृती आखण्याची चाल पडली आहे. त्या आकृती वरून सुरेख दिसतात; जमिनीवर बसलेल्याला मात्र त्या पाठमोऱ्या माणसांची गर्दी भासतात.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्याच्या मुळाशी लयतत्त्व मानून संवाद, विरोध आणि समतोल अशी त्याची तीन अंगे सांगितली, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्या परिभाषेचा येथे उपयोग करावयाचा तर असे म्हणता येईल की पथकाच्या सादरीकरणात संवाद विपुल असतो. शंभर टिपरू एका क्षणी पडतात, शंभर मनगटे एका क्षणी उचलली जातात. विरोध फार थोडा असतो. संथ आणि द्रुत, ढोल आणि एकटा ताशा, हा नादातील विरोध पथकप्रमुखांस उत्तम कळतो. दृश्यातील विरोध, म्हणजे स्थिर आणि चल, उंच आणि नीच, भरलेले आणि रिकामे, याचा विचार बहुधा झालेलाच नसतो. आणि विरोधच नसेल तेथे समतोल साधावयाचा कशाचा?

याच प्रश्नाशी एका परक्या परंपरेस झगडावे लागले, तिचा दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत बिगुल-ढोलांच्या पथकांपुढे रेजिमेंटचे निशाण आणि त्याचे रक्षक चालत. त्यांसच ‘कलर गार्ड’ म्हणत. महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी या पथकांच्या स्पर्धा वाढविल्या. सुरुवातीच्या काळात राष्ट्रध्वजास मानवंदना देणे हे सादरीकरणाचे सक्तीचे अंग होते आणि गुण देण्याची रीत वजाबाकीची होती: चूक दिसली की दशांश गुण कापावयाचा. १९७१ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल आणि १९७७ मध्ये निशाणरक्षकांच्या बंदिस्त सभागृहातील स्पर्धांसाठी विंटर गार्ड इंटरनॅशनल या संस्था निघाल्या. पुढील काही वर्षांत मानवंदनेची सक्ती गेली आणि वजाबाकीची रीतही सोडण्यात आली. सभागृहातील स्पर्धांत आज साधनांवरील प्रभुत्व, शरीराची हालचाल, रचना आणि एकूण परिणाम या बाजूंचे मूल्यमापन वेगवेगळे परीक्षक करतात. म्हणजे रचना ही शिस्तीहून निराळी, स्वतंत्र गुण देण्याजोगी गोष्ट आहे असे तेथे मान्य झाले आहे.

साधनांकडेही पाहावे. त्यांचा निशाणदंड सामान्यतः सहा फुटांच्या आसपास असतो आणि त्यावरील रेशमासारखे कापड सुमारे गजभर रुंद व दीड गज लांब असते. दंडाच्या पोकळ टोकांत वजन घालून तोल मध्याजवळ आणलेला असतो. त्यामुळे तो दंड हाताभोवती फिरविता येतो, हवेत उडवून पुन्हा झेलता येतो. जोडीला लाकडी बनावट बंदूक आणि बोथट तलवार असते. ही तिन्ही साधने वजनाने, वेगाने व हवेतील फिरण्याने भिन्न, म्हणून त्यांची वाक्येही भिन्न. आपल्या पथकांतील ध्वज याहून मुळातच वेगळा आहे. काठी लांब, कापड सारे वरच्या टोकास, आणि पकड खालच्या टोकाशी. पाऊस झाला की कापड भिजून दुप्पट जड होते, आणि त्याचा सारा भार मनगट व कंबर यांवर येतो. असा ध्वज मोठ्या कमानीत डोलविता येतो, आठाच्या आकड्यात फिरविता येतो, एका हातावर तोलता येतो. उडविता येत नाही. यास कोणी उणीव म्हणेल. ती उणीव मानावयाचे कारण नाही, परंतु ती मर्यादा आहे आणि रचनाकाराने ती ओळखली पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. अमेरिकन पथकांतील कापड साधन होऊ शकले, कारण त्यावरील पावित्र्य आधी उतरविण्यात आले. राष्ट्रध्वज बाजूस गेला आणि त्याच्या जागी कोणत्याही रंगाचे, कोणत्याही चित्राचे निशाण आले. ते जमिनीवर टेकले तरी कोणाचा अपमान होत नाही. स्पर्धेतील साधनाला पडण्याची मुभा असावी लागते, कारण पडण्याचा धोका पत्करल्यावाचून कौशल्याची कसोटी लागत नाही. भगव्या ध्वजाला ती मुभा नाही आणि ती कोणी देऊही नये. जो ध्वज खाली ठेवता येत नाही, ज्याला पायरव लागू द्यावयाचा नाही, तो प्रतीक होय. त्यास साधनाचे काम सांगितले की दोन्हींची कुचंबणा होते. काही पथके सादरीकरणात तिरंगा आणतात, तेव्हा तर २००२ च्या ध्वजसंहितेचे बंधनही येते: राष्ट्रध्वज जमिनीस लागता कामा नये, सजावटीच्या झालरीसारखा वापरता कामा नये. अशा वेळी ध्वजधारी मुलांच्या चेहऱ्यावर नृत्याचा आनंद न दिसता चूक न होऊ देण्याची काळजी दिसते, आणि ती साहजिकच आहे.

मग प्रतीकाला रचनेत स्थानच नाही काय? तसे मुळीच नाही, आणि त्याचे पुरावे आपल्या परंपरेतच आहेत. वारीतील रिंगण पाहावे. तेथे पताकाधारी धावतात, तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी, टाळकरी व पखवाजी धावतात, आणि मग अश्व. पताका येथे कोणतीही करामत करीत नाही. ती वर्तुळाची कड आखते, धावणाऱ्याचा वेग दूरवरच्या वारकऱ्यास दाखविते, आणि थांबली की सारे अवकाश थांबल्यासारखे वाटते. चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या जोतिबावर येणाऱ्या सासनकाठ्या हे दुसरे उदाहरण. उंच काठी एकजण तोलतो व नाचवितो, आणि चहूबाजूंनी दोर धरणारे तिला सावरतात. काठीचे सौंदर्य तिच्या उंचीत जितके आहे तितकेच ती सावरणाऱ्या माणसांच्या ताणलेल्या दोरांत आहे. या दोन्ही ठिकाणी ध्वज स्थिरतेच्या किंवा संथतेच्या बाजूने उभा असतो आणि त्यामुळे भोवतालच्या गतीस अर्थ येतो. विरोधलय म्हणतात ती हीच. आपल्या स्पर्धांतील ध्वज नेमका ढोलाच्या टिपेसच सर्वाधिक हलतो. म्हणजे जेथे त्याने विरोध पुरवावा तेथे तो संवादात भर घालतो.

साधन म्हणून वापरता येईल अशी वस्तू आपल्यापाशी नाही असेही नाही. लेझीम आहे. लाकडी दांडा आणि त्यास जोडलेली लोखंडी साखळी असे तिचे रूप. नाव फारसीतून आलेले, मूळ धनुष्याच्या व्यायामातले. लहान दांड्याची घोई लेझीम निराळी. बडोद्याच्या माणिकरावांच्या परंपरेने आणि आखाड्यांनी तिला कवायतीचे रूप दिले; ‘चार आवाज’, ‘एक जागा’, ‘आदि लगाव’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ हे हुकूम शाळेत लेझीम खेळलेल्या पिढ्यांच्या कानात अद्याप आहेत. हे हुकूम म्हणजे व्याकरण आहे. उभे राहून करावयाचे, वाकून करावयाचे, दिशा बदलून करावयाचे, झेप घेऊन करावयाचे, असे त्यांचे वर्ग पडतात आणि ते एकमेकांस जोडून लांब वाक्ये होतात. शिवाय येथे नाद आणि हालचाल एकाच कृतीतून निघतात; साखळी वाजली नाही तर हात चुकला हे खेळणाऱ्यास स्वतःलाच कळते. हा गुण अमेरिकन निशाणातही नाही. आणि लेझीम हातून निसटली तर ती उचलावी व पुढे चालावे. कोणाच्या भावनेस धक्का लागत नाही.

मावळ-मुळशीकडील गावांत ढोल-लेझीम असे जोडनावच आहे आणि स्पर्धाही त्याच नावाने होतात. सांगलीस २०१४ मध्ये ७,३३८ जणांनी एकत्र लेझीम खेळून गिनेस विक्रम नोंदविला. ती संख्येची गोष्ट, रचनेची नव्हे, तथापि शिकविणारे आणि शिकणारे उपलब्ध आहेत एवढे त्यावरून दिसते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेच्या पथकाने बरचीचे खेळ जोपासले. उपनगरी पथकांत मात्र लेझीम क्वचित दिसते आणि दिसली तरी ऐकू येत नाही. शंभर ढोलांपुढे साखळीचा आवाज टिकत नाही, म्हणून लेझीम गेली. लेझीम गेली म्हणून हालचालीचे व्याकरण गेले. आणि ती पोकळी भरण्यास ध्वज पुढे आला. माझ्या मते घडले ते असे. ढोलांची संख्या हेच पथकाच्या मोठेपणाचे माप झाल्यावर दुसरे काही घडणे कठीण होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. सरावाच्या मैदानाभोवती राहणाऱ्यांच्या तक्रारी आणि पथकांची नाराजी हा तंटा दरवर्षीचा आहे. तो केवळ कायद्याचा प्रश्न समजला जातो. त्यात सौंदर्याचाही प्रश्न दडलेला आहे, हे दोन्ही पक्षांनी लक्षात घेतलेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पथक ही सामूहिक भक्ती आहे, तिला मैदानी कलेचे निकष लावणे अप्रस्तुत आहे, असे कोणी म्हणेल. मिरवणुकीपुरता हा आक्षेप मान्य करावयास हवा. रस्त्यावर वाजविणाऱ्यास कोणी गुण देऊ नयेत. परंतु जेथे प्रवेशिका भरली, क्रमांक लागला, करंडक घेतला, तेथे निकष आलेच. ते बोलून दाखवावयाचे की न बोलता लावावयाचे एवढाच प्रश्न उरतो. पावित्र्याची सीमा कोठे आखावयाची याबद्दल आपल्या समाजात एकवाक्यता नाही हेही खरे. २०२५ च्या आरंभी ‘छावा’ चित्रपटातील संभाजी महाराजांचे लेझीम नृत्य आक्षेपानंतर वगळण्यात आले. लेझीम खेळणे हा कमीपणा नव्हे असे म्हणणारेही तेव्हा होतेच. वादाचा विषय वास्तविक थोर पुरुषाच्या चित्रणाचा होता. लेझीम त्यात विनाकारण सापडली.

पाहण्यात आलेल्या गुणपत्रकांत ताल, वेशभूषा, शिस्त अशी सदरे होती. मांडणीसाठी वेगळे सदर नव्हते, आणि ध्वजाचे गुण बहुधा ‘शिस्त’ या सदरात जात. म्हणजे ध्वजाकडे परीक्षक चूक शोधण्यासाठीच पाहतो. ज्या मुलीने तासभर भिजलेला ध्वज तोलून धरला तिच्या श्रमांस त्या पत्रकात जागा नाही, आणि ज्याने तिला कोठे व का उभे केले त्या रचनाकारासही नाही. परीक्षक बहुधा वादक असतात. त्यांत एखादा लेझीमशिक्षक किंवा नृत्यरचनाकार बसविला तरी पुष्कळ बदल होईल.

दिंडोशीच्या मैदानावर एका संध्याकाळी पाऊस वाढल्यामुळे ढोलांची पाने झाकून ठेवावी लागली. वादन थांबले. तेव्हा तीन-चार मुलींनी कोपऱ्यातल्या पेटीतून जुन्या लेझिमा काढल्या आणि एकीने तोंडाने आकडे मोजत बाकीच्यांस ‘दो रुख’ची पावले दाखविली. ध्वज त्या वेळी मागच्या भिंतीशी उभे होते, निथळत, निश्चल. आणि त्यांच्यापुढे त्या मुली वळत होत्या. पाऊस उघडताच लेझिमा पेटीत गेल्या व ढोल पुन्हा कमरेस बांधले गेले.