नीरेचा नकार आणि काकासाहेबांचे पत्र

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी उरकली की गावोगावी झाडीपट्टीची नाटके रंगू लागतात. त्यांतील नायिका भरपूर अश्रू ढाळते. तिचा निर्णय मात्र बहुधा बाप, भाऊ किंवा प्रियकर घेतो. कादंबरी पडद्यावर आणणारे याहून पुढे जातात काय, हा प्रश्न ‘कुंकू’ पुन्हा पाहताना आम्हांस पडला.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ (१९२३) या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली हा चित्रपट काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. फसवणुकीने वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला पती म्हणून स्वीकारीत नाही. शांता आपटे यांनी हा नकार रडून नव्हे, ताठ मानेने उभा केला आहे. सावत्र मुलगा अंगचटीस येतो तेव्हा ती सरळ छडी उचलते. पार्श्वसंगीत टाळल्यामुळे घरातले साधे आवाजही अंगावर येतात. असे धाडस आजही विरळाच.

कॅथलिक वाचकास नीरेची बाजू परकी वाटू नये. विवाह वधूवरांच्या संमतीने घडतो आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरे कोणीही देऊ शकत नाही, असे धर्मसभेच्या कायद्याचे १०५७वे कलम सांगते. लग्नविधीत धर्मगुरू आधी स्वेच्छेविषयीच विचारतात. तरीही मुलीला न विचारता ‘स्थळ ठरले’ एवढेच कळविणारी घरे आपल्या धर्मग्रामांत नाहीत काय?

म्हणूनच शेवट खटकतो. काकासाहेब पश्चात्तापाने आत्महत्या करतात आणि पत्राद्वारे नीरेला पुनर्विवाहाची मोकळीक देतात. केशवराव दाते यांच्या अभिनयाने गळा दाटून येतो, आणि नेमके तिथेच चित्रपटाचे पाऊल घसरते. जीव देणे हे प्रायश्चित्त नव्हे, ही आपली श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवली, तरी नीरेने लढून मिळविलेले स्वातंत्र्य अखेर पतीचे दान ठरते!

४० वर्षांनी, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी ‘जैत रे जैत’ (१९७७) केला. स्मिता पाटीलची चिंधी नकोसा नवरा सोडून नाग्याला आपण होऊन निवडते. पण येथे मरण तिच्याच वाट्याला येते.

युवक-युवतींना दोन्ही चित्रपट अवश्य दाखवावेत. फक्त ‘कुंकू’तले ते पत्र येताच पडदा थांबवावा, आणि नीरेने पुढे काय करावे, हे मुलींनाच विचारावे.