दुखते म्हणजे नेमके काय होते?

इंग्रजीच्या तासाला ‘पेन’, ‘हर्ट’, ‘सोअर’, ‘स्टिंग’ असे शब्द फळ्यावर लिहिले जातात आणि सर्वांपुढे एकच अर्थ येतो : दुखणे, वेदना. विद्यार्थ्यांच्या दप्तरातले छोटे शब्दकोशही बहुधा याहून पुढे जात नाहीत. ही पद्धत सदोष आहे, आणि दोष केवळ भाषेचा नाही, विज्ञानाचाही आहे.

हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हेडेक, टूथेक यांतला ‘एक्’ मंद पण सतत चालणारा असतो. ‘सोअर’ म्हणजे स्पर्शाने किंवा हालचालीने जाणवणारा हुळहुळेपणा. ‘स्टिंग’ मधमाशीच्या डंखासारखे एकदम बसते. ‘हर्ट’ इजेकडे बोट दाखवते, मग ती शरीराची असो वा मनाची. ‘पेन’ या सर्वांना पोटात घेते.

मराठीही याबाबतीत दरिद्री नाही. गळू ठणकते, खरचटलेले चुरचुरते, मिरची झोंबते, काटा सलतो, पाठीत उसण भरते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत अशा शब्दांना स्वतंत्र नोंदी आहेत. शरीरशास्त्रही हा भेद मानते. ठेच लागताच सणकन जाणारी कळ पातळ आवरणाच्या मज्जातंतूंतून सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने जाते. मागाहून येणारी मंद जळजळ आवरण नसलेल्या तंतूंतून, सेकंदाला जेमतेम २ मीटरपर्यंतच्या वेगाने येते.

कॅनडातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल प्रश्नावलीत अशा ७८ इंग्रजी शब्दांची २० गटांत मांडणी केली. रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याचा प्रकार समजायला मदत होते, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे. पण तिचे शब्दशः भाषांतर करून भागणार नाही. मराठीतली यादी मराठी माणसांच्या तोंडूनच गोळा करायला हवी.

नाहीतर काय होते, पाहा. कल्याण स्थानकाचा पूल चढताना एखाद्याच्या छातीवर दडपण येते, थांबले की ओसरते. डॉक्टर विचारतात, “छातीत दुखतं का?” तो प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो. त्याला आवळल्यासारखे होते, दुखत नाही! हृदयाला रक्त अपुरे पडत असल्याचे हे लक्षण असू शकते. इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७७२ साली छापून आलेल्या निबंधात या विकाराला ‘अँजायना’ म्हटले. त्या शब्दाच्या लॅटिन मुळातही आवळण्याचाच, गुदमरण्याचाच अर्थ आहे.

तेव्हा शिक्षकमित्रहो, पुढच्या तासाला अर्थ सांगण्याआधी मुलांना विचारा : कुठे, केव्हा आणि कसे दुखते? त्यांच्या घरचे शब्द आधी फळ्यावर येऊ द्या, मग प्रत्येकापुढे योग्य इंग्रजी शब्द लिहा. यातल्याच एखाद्या मुलाला उद्या आजोबांबरोबर दवाखान्यात जावे लागेल. तेव्हा “दुखत नाही, पण छाती आवळते म्हणतात” एवढे त्याला सांगता आले, तरी तो तास सार्थकी लागला.