'बिटर टिअर्स' : करारनामा आणि शोकगीत

दुसऱ्याचे दुःख कलावंताने मांडावे का, आणि मांडायचे तर कोणत्या अधिकाराने, हा वाद मराठीला नवा नाही. दलित साहित्याच्या चर्चेत सहानुभूती आणि स्वानुभूती हे शब्द आपण पुष्कळ घासून पाहिले आहेत. अमेरिकेत हाच प्रश्न एका कंट्री गायकाच्या अल्बमने उभा केला. जॉनी कॅशचा हा अल्बम, 'बिटर टिअर्स', म्हणजे कडू आसवे, ऑक्टोबर 1964 मध्ये कोलंबिया कंपनीने प्रसिद्ध केला. ज्यांना आपण 'रेड इंडियन' म्हणत आलो, त्या मूळ रहिवाशांविषयीची आठ गाणी त्यात आहेत.

कंट्री हे मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गोऱ्या श्रोत्यांचे संगीत. शेत, चर्च, रेल्वे, तुरुंग, दारू आणि फसलेले प्रेम हे त्याचे विषय. कॅश स्वतः आर्कान्सा राज्यातल्या कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातला होता आणि 1964 साली तो लोकप्रियतेच्या शिखराजवळ होता. अशा गायकाने आपल्याच श्रोत्यांच्या पूर्वजांनी मोडलेल्या वचनांची गाणी गावीत, हे धाडसाचेच होते. त्याच वर्षी जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा मंजूर झाला होता आणि देशातले वातावरण तापलेले होते.

आठपैकी पाच गाणी पीटर ला फार्ज या कवी-गायकाची आहेत. पहिलेच गाणे सेनेका जमातीच्या जमिनीविषयी आहे. 1794 साली कॅनन्डेग्वा येथे अमेरिकन सरकारने या जमातीशी करार केला आणि तिच्या जमिनीला हात लावणार नाही, असे वचन दिले. तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होते. पुढे अ‍ॅलेगेनी नदीवर किन्झुआ धरण आले. सेनेकांनी न्यायालयात दाद मागितली, पर्यायी जागाही सुचवली. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी 1961 साली धरण थांबवण्यास नकार दिला. सुमारे 10,000 एकर जमीन बुडिताखाली गेली आणि सुमारे 600 सेनेकांना घरे सोडावी लागली. अल्बम बाजारात आला तेव्हा धरणाचे काम चालूच होते. कॅश येथे हंबरडा फोडत नाही. अर्धे बोलत, अर्धे गात, तक्रारअर्ज वाचून दाखवावा तसा तो एकेक वचन समोर ठेवतो. गाण्याची ताकद या संयमात आहे.

आयरा हेसचे गाणे हा अल्बमचा कळस. अ‍ॅरिझोनातल्या पिमा जमातीचा हा तरुण 23 फेब्रुवारी 1945 रोजी इवो जिमाच्या डोंगरावर अमेरिकन झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांपैकी एक होता. त्या छायाचित्राने तो देशभर गाजला. दहा वर्षांनी, 24 जानेवारी 1955 रोजी, दारू आणि थंडीने त्याचा बळी घेतला. तो अवघा 32 वर्षांचा होता. वीराची शोकांतिका एवढ्यावरच गाणे थांबले असते तर ते भावुक ठरले असते. पण त्याची सुरुवात पाण्यापासून होते. पिमांची शेती हिला नदीवर पोसलेली होती. वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्यांनी ते पाणी वळवले आणि शेते सुकली. त्यामुळे हेसचे व्यसन हा एका माणसाचा दुर्गुण उरत नाही, त्यामागची कारणे दिसू लागतात.

अनेक रेडिओ केंद्रांनी हे गाणे वाजवण्याचे टाळले. तेव्हा कॅशने ऑगस्ट 1964 मध्ये 'बिलबोर्ड' या व्यवसायपत्रात पानभर जाहिरात देऊन निवेदकांना आणि केंद्रचालकांना त्यांच्या भित्रेपणाचा जाब विचारला. गाणे तरीही कंट्री यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले.

अधिकाराचा प्रश्न मात्र उरतो. आपल्या अंगात चेरोकी रक्त असल्याचे कॅश त्या काळी सांगत असे. ते खरे नसल्याचे त्याने पुढे स्वतःच मान्य केले. ला फार्जने सांगितलेले नॅरागॅन्सेट जमातीशी नातेही वादग्रस्तच राहिले. म्हणून गाणी खोटी ठरतात का? मला तसे वाटत नाही. सेनेकांचा करार खरा आहे, हिलाचे वळवलेले पाणी खरे आहे. रक्ताच्या दाव्याची या गाण्यांना मुळात गरजच नव्हती. साक्षीदाराने खरे बोलावे, एवढीच अपेक्षा असते.

जिथे ही साक्ष सुटते तिथे अल्बम ढासळतो. शेवटच्या गाण्याचे नावच 'द व्हॅनिशिंग रेस', म्हणजे 'लोप पावणारा वंश'. हे लोक संपत चालले आहेत, ही कल्पना त्यांच्या जमिनी घेणाऱ्यांना नेहमीच सोयीची होती. संपणाऱ्याला पाणी कशाला आणि जमीन तरी कशाला? त्याआधी दोनच गाण्यांवर 'ड्रम्स' आहे. गोऱ्यांच्या शाळेत कोंबलेला मूळ रहिवासी त्यात मास्तरांना ताठ मानेने उत्तर देतो. सेक्वोया या चेरोकी माणसाने 1821 च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी घडवली, तिच्यावरही येथे एक गाणे आहे. ज्यांनी अक्षरे घडवली आणि जे अजून वाद घालताहेत, त्यांच्यासाठी अखेरीस मर्तिकाचा सूर लावणे हा मोठा विसंवाद आहे.

काळानेही त्या सुराला उत्तर दिले आहे. 2004 साली अमेरिकन संसदेने कायदा करून हिला नदीकाठच्या या लोकांचा वर्षाला 6,53,500 एकर-फूट पाण्याचा हक्क मान्य केला. 2020 च्या जनगणनेत संमिश्र वंशाच्या लोकांसह सुमारे 97 लाख अमेरिकनांनी स्वतःची नोंद मूळ रहिवासी म्हणून केली.

मेलेल्यांसाठी रडणे सोपे असते, कारण ते हिस्सा मागत नाहीत. जिवंत माणसाच्या बाजूने बोलायचे तर करार, नदी आणि तारीख यांचा हिशेब मांडावा लागतो. कॅशने तो निदान दोन गाण्यांत मांडला आणि त्यासाठी आपल्याच श्रोत्यांचा रोष पत्करला. म्हणून साठ वर्षांनंतरही हा अल्बम ऐकावासा वाटतो, आणि म्हणूनच त्याचे शेवटचे गाणे खटकते.