'सावत्र' या शब्दापलीकडे : दात्यापासून झालेला जन्म, अज्ञात भावंडे आणि मराठीतील कर्णकथा

प्रस्तावना

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतील बालक जन्माला आले. त्या जन्मात कोणी परका दाता नव्हता. पुढे मात्र वंध्यत्वावरील उपचार शहराशहरांत पोहोचले आणि त्यांबरोबर दात्याचे शुक्राणू वा स्त्रीबीज वापरण्याची पद्धतही रुळली. अशा रीतीने जन्मलेली कित्येक मुले आज प्रौढ आहेत. आपला जैविक पिता घरातील वडिलांहून वेगळा आहे आणि त्याच दात्याची आणखी अपत्ये कोठेतरी वाढत आहेत, हे त्यांपैकी काहींना उशिरा कळते, काहींना कधीच कळत नाही. पाश्चात्त्य देशांत या अनुभवाचे साहित्य निर्माण झाले आहे. डॅनी शपिरो या अमेरिकन लेखिकेने वयाच्या पन्नाशीनंतर केलेल्या डीएनए चाचणीतून हे सत्य जाणले व त्यावर 'इनहेरिटन्स' (२०१९) हे आत्मकथन लिहिले. एकाच दात्याच्या अपत्यांना परस्परांचा शोध घेता यावा म्हणून अमेरिकेत २००० साली एका आई-मुलाने नोंदवही सुरू केली.

मराठी वाचकाला मात्र जन्मरहस्याचा आणि अज्ञात भावंडांचा विषय निघाला की पहिल्यांदा आठवतो तो कर्ण. ही आठवण कितपत उपयोगी पडते आणि कोठे अपुरी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या परंपरेने जन्मरहस्य नेहमी उभ्या रेषेत, म्हणजे पिता-पुत्र किंवा माता-पुत्र या नात्यात पाहिले; आडव्या रेषेतील भावंडांना तिने शब्द दिला नाही आणि आधुनिक मराठी कर्णकथेनेही ती उणीव भरून काढली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नात्याचे नाव

मराठीत भावंडांसाठी शब्दांची वाण नाही. सख्खा, सावत्र, चुलत, आते, मामे, मावस, मानलेला, गुरुबंधू अशी नावे आपण सहज वापरतो. पण एका दात्याच्या दोन अपत्यांना यांतील कोणते लागू पडेल? चटकन सुचतो तो 'सावत्र'. हा शब्द 'सवत' या शब्दाशी जोडलेला आहे. 'सापत्न' हा तत्सम शब्दही सपत्नीवरूनच आला. म्हणजे सावत्रपणा बापाच्या दुसऱ्या लग्नातून येतो. त्याला घर लागते, दोन बायका लागतात आणि त्यांच्यातील वैराची गृहीत कथाही लागते. दात्याच्या बाबतीत लग्न नाही, घर नाही, वैरही नाही. 'सहोदर' म्हणावे तर उदर एक नाही. इंग्रजीवरून 'अर्धभाऊ' असा शब्द बेतता येतो, पण मराठी कानाला तो भावाचा अर्धा तुकडा वाटतो.

कायद्याच्या भाषेत थोडी अधिक स्पष्टता आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात पूर्ण रक्ताचे, अर्ध रक्ताचे आणि एकोदर असे तीन प्रकारचे संबंध सांगितले आहेत. तथापि तेथेही अर्ध रक्ताची व्याख्या 'एकच पूर्वज, निरनिराळ्या पत्नी' अशी आहे. पत्नी हा शब्द येथेही सुटत नाही.

हा शब्दांचा कीस वाटू नये. उरण तालुक्यात 'वारस' हा शब्द कोशातला नाही, तो रोजच्या व्यवहारातला आहे. नवी मुंबईसाठी झालेले भूसंपादन, त्यानंतरचा प्रकल्पग्रस्तांचा लढा आणि साडेबारा टक्के भूखंडांची योजना यांमुळे येथील घराघरांत वंशावळ कागदावर मांडावी लागली आहे. सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेला माणूस नात्याचे नाव किती जपून लिहितो, हे येथे शिकवणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने पाहिले असेल. ज्या नात्याला नाव नाही ते वंशावळीत लिहिता येत नाही. दात्याच्या अपत्याला तेथे काही मागावयाचेही नसते. आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत एवढेच त्याला पाहावयाचे असते.

बीज, क्षेत्र आणि व्यास

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस, क्षेत्रज, दत्तक हे परिचित आहेत. कानीन म्हणजे कुमारिकेला झालेला. आणि गूढोत्पन्न म्हणजे घरात जन्मलेला, पण कोणापासून झाला हे ठाऊक नसलेला पुत्र. हा शेवटचा पुत्र ज्याच्या पत्नीच्या पोटी जन्मला त्याचाच मानावा, असा निर्णय तेथे आहे. निनावी दात्याविषयीचा आजचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. एवढे बारकावे करणाऱ्या या वर्गीकरणाचा सारा रोख मात्र एकाच प्रश्नावर आहे : पुत्र कोणाचा? पिंड कोणी द्यावा, धन कोणी घ्यावे, एवढेच त्याला ठरवावयाचे आहे. क्षेत्रजाला त्याच बीजाच्या दुसऱ्या पुत्राविषयी काय वाटेल, हा प्रश्न शास्त्रकारांना पडत नाही.

महाभारतात दात्याच्या भूमिकेशी सर्वांत जवळचा पुरुष व्यास होय. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, भीष्माने प्रतिज्ञा मोडण्यास नकार दिला, तेव्हा सत्यवतीने आपल्या कानीन पुत्राला बोलावले. अंबिका, अंबालिका आणि दासी यांच्या ठायी त्याच्यापासून धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर झाले. पिता एक, माता तीन, आणि पित्याचे कोणाशीही लग्न नाही. आजच्या दाता-भावंडांचे इतके नेमके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. फरक इतकाच की हा दाता निनावी नव्हता. व्यासाला शुक हा स्वतःचा पुत्रही होता. बीजाच्या हिशेबाने शुक आणि धृतराष्ट्र हे भाऊ. पण आपल्या कथापरंपरेत त्यांना भाऊ म्हणण्याची रीत नाही. दुर्गा भागवतांच्या 'व्यासपर्वा'पासून (१९६२) मराठी समीक्षेने महाभारतातील व्यक्तींकडे नव्या नजरेने पाहिले, तरी ही जोडी कोणाच्या चर्चेचा विषय झाली नाही, याचे कारण 'भाऊ' या शब्दाची आपली व्याख्या घरापुरती आहे हेच असावे.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) विदुर आणि धर्मराज यांचे नाते पिता-पुत्राचे असेल काय, असा धीट प्रश्न उपस्थित केला. मृत्युसमयी विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो, या प्रसंगाचा त्यांनी लावलेला अर्थ आजही विचार करावयास लावतो. आप्तसंबंधांचा शास्त्रीय अभ्यास केलेल्या विदुषीने देवाच्या नावामागील माणूस शोधावा, हे स्वाभाविक होते. एका अर्थी मराठीत दात्याची ओळख विचारणारे ते पहिले महत्त्वाचे लेखन म्हणावे लागेल. पण त्यांचाही शोध पित्याचाच आहे. विदुर पिता असेल तर युधिष्ठिर भीमार्जुनांचा कोण, हा पुढचा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी येत नाही.

वस्तुतः तो प्रश्न महत्त्वाचा आहे. युधिष्ठिर, भीम आणि अर्जुन यांची माता एक, पिते तीन. कर्णाचेही तेच. कर्ण आणि अर्जुन जितके भाऊ, तितकेच भीम आणि अर्जुन. रक्ताच्या मापाने यत्किंचितही कमी-अधिक नाही. नकुल-सहदेव तर कुंतीच्या पोटचेही नव्हेत, तरी ते पांडव. कर्ण बाहेर राहिला तो केवळ पांडूची संमती नसताना, त्याच्या आधी जन्मला म्हणून.

'मृत्युंजय'मधील मौन

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) ही कादंबरी मराठी वाचकांच्या पिढ्यांनी आपलीशी केली. तिच्या यशात निवेदनपद्धतीचा वाटा मोठा आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण हे सहा जण प्रथमपुरुषी बोलतात. या यादीकडे बारकाईने पाहावे. जन्मदात्री आहे, मित्र आहे, पत्नी आहे, रहस्य जाणणारा श्रीकृष्ण आहे. शोण हा राधा-अधिरथांच्या घरातील धाकटा भाऊ. त्यालाही स्वतंत्र निवेदन आहे आणि कादंबरीतील अत्यंत जिव्हाळ्याचा स्वर त्याचा आहे. पण पाच पांडवांपैकी एकालाही सावंतांनी बोलू दिलेले नाही.

याचे समर्थन करता येईल. कादंबरी कर्णाची आहे. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच त्याची कथा सांगावी, ही लेखकाची भूमिका उघड आहे. वाढवलेल्या भावाला आवाज देऊन सावंतांनी संगोपनाचे नाते रक्ताच्या नात्याहून कमी नाही असे सुचविले, हेही मोलाचे आहे. दात्यापासून झालेल्या अपत्याच्या पालकांना तर तो मोठाच दिलासा ठरावा. रणजित देसाईंनी आपल्या कादंबरीस 'राधेय' हे नाव दिले, त्यामागेही हीच भावना दिसते. तरीही किंमत द्यावी लागली आहे. कर्णाचे दुःख इतके एकट्याचे झाले आहे की ज्यांना काहीच ठाऊक नव्हते त्यांचे दुःख वाचकाला जाणवतच नाही. महाभारतात कर्ण सत्य कळल्यावर श्रीकृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कळले तर तो राज्य स्वीकारणार नाही. म्हणजे युद्धापूर्वी एका भावाला माहीत आहे आणि पाच भावांना नाही. ही असमानता अज्ञात भावंडांच्या अनुभवाचा गाभा आहे. ज्याला कळते त्याने सांगावे की नाही? सांगितले तर दुसऱ्याच्या घराचे काय होईल? आज चाचणीचा निकाल हाती आलेला माणूस नेमक्या याच जागी उभा असतो. आपल्या कादंबरीकारांनी या पेचाची एकच बाजू रंगविली.

पडद्यावरील मुले

चित्रपटांबद्दल थोडक्यात. समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!' (२०११) हा सरोगसीवरील मराठी चित्रपट दोन मातांच्या ओढाताणीवर उभा आहे. त्याची हिंदी आवृत्ती 'मिमी' (२०२१) या नावाने आली. शूजित सरकार यांच्या 'विकी डोनर'मध्ये (२०१२) शेवटी दात्याची ५३ मुले एका समारंभात एकत्र आणली जातात. दाता व त्याची पत्नी दुरून ती पाहतात आणि त्यांचे मनोमीलन होते. प्रसंग हृद्य आहे. पण ५३ भावंडे एका अंगणात खेळत असताना त्यांतील एकालाही शेजारचा आपला कोण हे कळत नाही, आणि चित्रपटाला त्यात काही खटकत नाही. मुले तेथे दात्याच्या सत्कृत्याचा पुरावा म्हणून आली आहेत.

ग्रामीण भागातील आपल्या विद्यार्थ्यांना 'कृत्रिम रेतन' हा शब्द पशुवैद्यकीय दवाखान्यामुळे ठाऊक असतो. तेथे वळूच्या वीर्याच्या कांडीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो, तो नोंदवावा लागतो, कारण त्याच वळूची कालवड पुढे त्यालाच दाखवली जाऊ नये. गाईगुरांच्या बाबतीत आपण ही काळजी घेतो, हे सांगताना थोडा संकोच वाटतो.

कायद्याचे स्थान

सहाय्यित जननतंत्रज्ञान अधिनियम, २०२१ हा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. एका दात्याचे बीज एकाहून अधिक दांपत्यांना देण्यास त्याने पेढ्यांना मनाई केली. अज्ञात भावंडांची संख्या त्यामुळे पुढे मर्यादित राहील. दात्याची स्वतःची मुले मात्र उरतातच. त्याआधी जन्मलेल्यांना या मनाईचा काही उपयोग नाही. अपत्य हे उपचार घेणाऱ्या दांपत्याचेच जैविक अपत्य मानले जाईल, असेही हा अधिनियम सांगतो. त्या अपत्याला संरक्षण म्हणून हे आवश्यकच आहे. परंतु प्रौढ झाल्यावर दात्याची ओळख मिळण्याची तरतूद त्यात नाही. स्वीडनने १९८५ मध्ये आणि ब्रिटनने २००५ मध्ये दात्याचे निनावीपण संपविले. ब्रिटनमध्ये परस्परसंमतीने दाता-भावंडांची गाठ घालून देण्याचीही व्यवस्था आहे. आपल्याकडे १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम निषिद्ध नात्यांत अर्ध रक्ताचे संबंधही धरतो. एक कायदा असे नाते असल्यास विवाह होऊ नये म्हणतो, दुसरा ते नाते ओळखण्याचा मार्गच ठेवत नाही. कायद्याच्या अध्यापकांनी या विसंगतीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

युधिष्ठिराची आठवण

स्त्रीपर्वाच्या अखेरीस, मृतांना जलांजली देताना, कुंती मुलांना सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. शांतिपर्वात युधिष्ठिर स्त्रियांना शाप देतो की त्यांच्या मनात गुपित टिकणार नाही. 'बायकांच्या पोटात काही राहत नाही' या आपल्याकडील शेऱ्यामागे हीच कथा सांगितली जाते. शाप मात्र गुपित फुटल्याबद्दल नव्हता, ते फार काळ टिकल्याबद्दल होता, हे तो शेरा मारणारे विसरतात.

या शापापूर्वी युधिष्ठिर नारदाला एक आठवण सांगतो. द्यूतसभेत कर्ण कठोर बोलत होता, संताप अनावर झाला होता, आणि तेवढ्यात युधिष्ठिराची नजर कर्णाच्या पायांवर गेली. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. त्याचा राग ओसरला. हे साम्य कशामुळे, याचा त्याने पुष्कळ विचार केला, पण त्याला उत्तर सापडले नाही. दाता-भावंडांच्या आत्मकथनांत हनुवटीचे, हसण्याचे, बोटांचे जे उल्लेख वारंवार येतात, त्या सर्वांच्या आधीचा हा उल्लेख आहे, आणि तो कर्णाच्या तोंडी नाही, ज्याला काहीच माहीत नव्हते त्या भावाच्या तोंडी आहे. मराठीत कर्णावर एवढे लिहिले गेले. या युधिष्ठिराच्या बाजूने, त्या सभेपासून गंगाकाठच्या जलांजलीपर्यंतची तेरा-चौदा वर्षे पाहणारी कादंबरी लिहिली जाण्यास अजून जागा आहे.