सरळ केलेली पालखी

चित्रकलेवर लिहिण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारल्यास माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. माझा व्यवसाय वकिलीचा. कुंचला मी शाळेनंतर हाती धरलेला नाही. तथापि गेली तीन वर्षे फोंड्याकडील एका देवस्थानाच्या अग्रशाळेत महिन्याच्या शेवटच्या रविवारी हौशी चित्रकारांची जी बैठक भरते, तीस मी श्रोता म्हणून नियमाने हजर असतो. साक्षीपुरावा ऐकण्याची सवय अंगवळणी पडलेली असल्यामुळे तेथे चित्रांइतकेच चित्रांवरील बोलणेही मी कान देऊन ऐकतो. प्रस्तुत लेखाचा विषय ते बोलणे हा आहे.

या मंडळींत कोणी बँकेत कारकून आहे, कोणी गृहिणी, कोणी महाविद्यालयात शिकणारा. कलाशाळेची पायरी बहुतेकांनी चढलेली नाही. कागदाऐवजी काचेची पाटी आणि शाईऐवजी विजेची लेखणी, एवढेच काय ते त्यांचे साहित्य. अशा चित्रांस ‘यंत्राने काढलेली’ म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. दिलेल्या शब्दांवरून यंत्र आपण होऊन चित्र रचते, तो प्रकार निराळा आणि त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. येथे हात माणसाचाच असतो. हाताचा दाब कमीअधिक झाला की रेघ जाड वा बारीक होते, आणि चांगल्या लेखणीस दाबाचे ८१९२ टप्पे ओळखता येतात. एवढी सूक्ष्म संवेदना बोरूस नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

या माध्यमाचा प्राण म्हणजे थर. चित्र एका पृष्ठभागावर न काढता एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पत्र्यांवर काढावयाचे. एकावर रेघ, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर छाया. फोटोशॉप या प्रसिद्ध साधनात ही सोय १९९४ साली आली आणि पुढे क्रिता, प्रोक्रिएट इत्यादी साधनांतही ती गृहीतच धरली गेली. (क्रिता हे नाव स्वीडिश भाषेतील खडूच्या शब्दावरून घेतले आहे, परंतु ते ठेवणाऱ्यांच्या मनात महाभारतातील ‘कृत’ हा शब्दही होता, हे वाचून मला उगाच आनंद झाला.) थरांची कल्पना मात्र आम्हांस परकी नाही. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावीचे काम पाहा. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा लेप द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवर लोखंडी कंटकाने खरवडून खालचा पांढरा उघडा करावयाचा. थर दोनच, आणि एकदा खरवडलेले परत भरून येत नसे. आजच्या पाटीवर बोटाच्या एका स्पर्शाने केलेले न केलेले होते. कायद्यात प्राङ्न्याय म्हणून एक तत्त्व आहे: एकदा निवाडा झालेला वाद त्याच पक्षकारांना पुन्हा उकरून काढता येत नाही. या पाटीवर असा अंतिम निवाडा कधी होतच नाही, आणि म्हणूनच तेथे अपिले फार होतात.

आता दोषांकडे वळतो. आमच्या बैठकीतील निम्म्याअधिक चित्रांत छाया मळकट असते. कारण साधे आहे. छायेचा थर ‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणाकाराच्या रीतीने खालच्या रंगावर बसविला जातो. पांढरा म्हणजे एक आणि काळा म्हणजे शून्य धरल्यास अर्ध्यास अर्ध्याने गुणून पाव उरतो. अर्थात रंग केवळ काळवंडतो. छायेच्या थरास राखी रंग दिला की सगळ्याच वस्तूंवर काजळी धरते. श्रावणातल्या तळीच्या काठी सावली हिरवट असते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. पण यंत्राने राखी रंग पुढे केला की पाहिलेले विसरावयास होते. दुसरा दोष मऊ फवाऱ्याचा. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची फवाऱ्याने रंगविलेली देवतांची चित्रे दिनदर्शिकांतून आपल्या घरोघरी पोहोचली. परंतु खऱ्या फवाऱ्याने काम करताना जेथे कड ठसठशीत हवी, तेथे कागद कापून झाकण घालावे लागे. कड कोठे हवी आणि कोठे नको, हा निर्णय कात्रीने घ्यावा लागे. पाटीवरील फवाऱ्यास कात्री लागत नाही. म्हणून देवीचा गाल, तिचा मुकुट आणि मागची भिंत सारीच कणकेच्या गोळ्यासारखी मऊ होतात. रेघेचा कंप काढून टाकणारी सोय आहे, तिच्याविषयीही थोडे लिहावयास हवे. पण ते पुढील प्रसंगात आपोआप येईल.

या दोषांवर बैठकीत कोणी बोलतो का? फारसे नाही. बैठकीतील अभिप्राय दोन जातींचे असतात. पहिली जात ‘वा’, ‘अप्रतिम’, ‘काय तेज आहे!’ या उद्गारांची. हे उद्गार हटकून पडतात ते दिव्यांच्या उजेडावर. उजेडाचा थर बेरजेच्या रीतीने बसविला की आकडा झपाट्याने २५५ या कमाल मर्यादेस जाऊन टेकतो. ज्योतीचा आकार पुसून जाऊन तेथे पांढरा डाग उरतो आणि त्या डागालाच तेज म्हणण्यात येते. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्रात म्हटले आहे की आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणते छायाप्रकाशाची आणि इतर जन रंगांच्या समृद्धीची. इतर जन आमच्या बैठकीस भरपूर येतात.

दुसरी जात वरून गिरवण्याची. चित्रकाराच्या चित्रावर नवा थर ठेवून अनुभवी सभासद तांबड्या रेघेने दुरुस्ती करून दाखवतो. ही पद्धत ‘वा’पेक्षा शतपटीने उपयुक्त आहे, याविषयी मला शंका नाही. मी उमेदवारी करीत होतो तेव्हा माझे ज्येष्ठ माझा प्रत्येक मसुदा तांबड्या शाईने भरून टाकीत. जे काही मी शिकलो, ते त्या शाईतून. मात्र त्यांचा एक दंडक होता. भाषा ते बदलीत, कलमे बदलीत, परिच्छेदांचा क्रम उलथापालथा करीत. पण अशिलाने सांगितलेल्या हकिकतीस हात लावीत नसत. हकिकत चमत्कारिक वाटली तर ते विचारीत, “हे खरेच असे घडले काय?”

हा प्रश्न आमच्या बैठकीत विचारला जात नाही, आणि माझी तक्रार नेमकी तेवढीच आहे. गेल्या जत्रेपूर्वी एका विद्यार्थ्याने पालखीचे चित्र आणले. रात्रीची वेळ, दिवट्यांचा उजेड, देवळाच्या पायऱ्या उतरणारी पालखी. दांडी तिरपी झालेली. पुढच्या डावीकडच्या माणसाचा खांदा खचलेला, मान दांडीपासून बाजूस कललेली, आणि एक पाय नको तितका वाकलेला. रेघ थोडी कापरी होती. कंप काढणारी सोय त्याने वापरलीच नव्हती. चित्र पडद्यावर येताच एका जाणत्याने ते आडवे उलटून दाखविले. चित्र आरशात पाहिल्याप्रमाणे उलटे केले की नजरेस सरावलेले दोष उघडे पडतात. आरसा हा चित्राचा चांगला परीक्षक असल्याचे आल्बेर्तीने १४३५ सालीच लिहून ठेवले आहे. उलटताच चित्र एका अंगास कलंडलेले दिसले. सर्वांनी मान डोलावली. मग तांबडी रेघ आली. दांडी सरळ झाली, खांदे एका पातळीत आले, शरीरे साडेसात डोक्यांच्या प्रमाणात बसली आणि कापरी रेघ यंत्राने गुळगुळीत करून दिली. चित्र निर्दोष झाले. “आता बरे दिसते,” असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. मुलगा काही बोलला नाही. दुरुस्त केलेले चित्र घेऊन तो निघून गेला आणि पुढचे दोन महिने आला नाही.

जत्रेची स्मरणिका निघावयाची होती. तिच्यासाठी जमा केलेली चित्रे मी अग्रशाळेच्या ओसरीवर पाहत बसलो असता देवस्थानाचे एक वृद्ध महाजन येऊन टेकले. पन्नासएक वर्षे त्यांनी पालखीला खांदा दिला आहे. सरळ केलेली पालखी त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाले, “वकीलबाब, पालखी अशी नीट केन्नाच चलना.” मग उभे राहून त्यांनी पायरी उतरताना पुढच्या माणसावर भार कसा येतो, उंचीने कमी असलेल्या माणसास दांडी गाठण्यासाठी काय करावे लागते आणि मान बाहेर का काढावी लागते, हे करून दाखविले. त्यांचा खांदा खचला, मान कलली, गुडघा वाकला. ते चित्र मी दोन महिन्यांपूर्वी पाहिले होते आणि चूक ठरविले होते.

नाट्यशास्त्रात प्रयोगाची परीक्षा करणाऱ्या प्राश्निकांची यादी आहे. तीत यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, शब्द जाणणारा, चित्र जाणणारा असे दहा जण येतात. आणि त्यांत धनुर्विद्या जाणणाराही आहे. वीराची उभे राहण्याची ढब बरोबर की चूक, हे छंदशास्त्र्याने सांगावयाचे नाही. यादीत गणिका आहे, राजाचा सेवक आहे. ज्याचा जो विषय, त्यापुरताच त्याचा निवाडा. आमच्या बैठकीत चित्रवेत्ते आहेत; धनुर्धारी कोणी नाही. आरशाने कलंड दाखविला तो खोटा नव्हता. पण तो कलंड चित्रकाराच्या हातातला की पालखीतला, हे आरशास कळत नाही. आल्बेर्तीच्या आरशापुढे बसणाऱ्यानेच ते विचारावयास हवे होते. साक्षीदाराला न विचारता त्याची जबानी सुधारण्याचा हा प्रकार न्यायालयात एक क्षणही चालला नसता, आणि मी त्या दिवशी तेथे वकील असून गप्प बसलो होतो.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. मूळ चित्र टिकले आहे काय, असे विचारता त्याने पाटी उघडली. दुरुस्तीचे थर वर होते. त्याने एकेकापुढील डोळ्याची खूण मिटवली आणि तळाशी खचलेला खांदा जसाच्या तसा निघाला. मी म्हणालो, “हे असे तू पाहिलेस का?” तो म्हणाला, “काका, तो माझा मामा. त्याचा डावा खांदा कायमचाच उतरला आहे.”

स्मरणिकेत मूळ चित्रच छापले. दिवट्यांचा केशरी रंग पडद्यावर जेवढा पेटलेला होता तेवढा छपाईत राहिला नाही, विटकरीकडे झुकला. प्रकाशाचा रंग शाईत पुरता उतरत नाही, ही अडचण छापखान्याची नसून माध्यमांची आहे. त्याविषयी पुढील बैठकीत बोलावयाचे ठरले आहे. वृद्ध महाजनांनाही बोलावले आहे. चित्रांतले आपणांस काय कळते, असे म्हणून ते अजून नाही म्हणत आहेत.