सी-क्षेत्र आणि ऊर्जेची अक्षय्यता : एका प्रचलित आक्षेपाचा परामर्श

स्थिर-स्थिती सिद्धांत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो म्हणून तो त्याज्य ठरला, असे वर्गांतून अनेकदा सांगितले जाते. प्रस्तुत लेखकानेही नागपुरात काही वर्षे तेच शिकविले. हे विधान तपासून पाहणे अगत्याचे आहे.

1948 च्या मूळ मांडणीत द्रव्यनिर्मितीचा स्रोत अस्पष्ट होता, हे खरे. परंतु 1960 च्या दशकात फ्रेड हॉईल व डॉ. जयंत नारळीकर यांनी ऋण ऊर्जेच्या सी-क्षेत्राचे जे गणित मांडले, त्यात नव्या द्रव्याची धन ऊर्जा आणि क्षेत्राची ऋण ऊर्जा यांचा जमाखर्च जुळतो. उलट महास्फोट प्रतिमानात पार्श्वभूमी प्रारणाच्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा प्रसरणामुळे सुमारे 1100 पटींनी घटली आहे. ती गेली कोठे? सामान्य सापेक्षतेत अक्षय्यता स्थानिक पातळीवर टिकते. परंतु विश्वाची भूमितीच कालानुसार बदलत असल्याने एकूण ऊर्जेचा सर्वमान्य हिशेब मांडता येत नाही. विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तेव्हा लेखक निरुत्तर झाला होता.

स्थिर-स्थिती सिद्धांत मागे पडला तो निरीक्षणांमुळे : रेडिओ स्रोतांची गणना आणि 1965 मध्ये जाहीर झालेला पार्श्वभूमी प्रारणाचा शोध. सी-क्षेत्रास स्वतंत्र पुरावा मिळाला नाही, हा आक्षेपही रास्तच. अक्षय्यतेचा मात्र नव्हे.