जवारीची नक्कल

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला नावं ठेवणारं लेखन आपल्याकडे पुष्कळ झालं आहे. ‘त्यात जीव नाही’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. मीही ते अनेकदा उच्चारलं आहे. पण जीव नाही म्हणजे काय नाही, हे नीट पाहायला मला भाग पाडलं ते पुतण्याच्या गिटारने.

त्याच्याकडे ट्यूब स्क्रीमर नावाचं पायाने दाबायचं ओव्हरड्राइव्ह पेडल आहे, आणि त्याचीच नक्कल करणारं एक डिजिटल यंत्र. मूळ पेडल, टीएस ८०८, १९७९च्या सुमारासचं. आत दोन सिलिकॉन डायोड. तार हळू छेडली तर स्वर बराचसा स्वच्छ राहतो. जोरात छेडली तर डायोड लहरीचे शेंडे दाबतात, नवे उपस्वर निर्माण होतात आणि स्वर खरखरीत, भरदार होतो. मी डोळे मिटून दोन्ही ऐकली. मला फरक सांगता आला नाही. कारण उघड होतं: डिजिटल यंत्र तयार आवाज वाजवत नाही, हातून आलेल्या प्रत्येक छेडीवर मंडलाचं गणित नव्याने करतं. हलका हात हलकाच राहतो.

आता तानपुरा. त्याचं मर्मही उपस्वरांतच आहे. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला लागून कंप पावते, आणि मध्ये सरकवलेलं सूत तो स्पर्श नेमका ठरवतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं, की तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचे स्थिरबिंदू असतात, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायलाच नकोत. तानपुऱ्यात मात्र ते ठणठणीत ऐकू येतात. सूत काढून पाहा, ती झळाळी मावळते. मिरजेचे कारागीर हे गणिताविना, कानसेने आणि बोटांनी साधत आले. (त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. घासकामाची परंपरा जुनीच.) २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तोही १९७९मध्येच. आताची बरीच अ‍ॅप तर खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रणच फिरवून वाजवतात. नाद म्हणून ती पेडलच्या नकलेपेक्षाही मूळाच्या जवळ असू शकतात, आणि तरीही ती मला अपुरी वाटतात. पेडलच्या नकलेत वादकाचा हात आत जातो. तानपुऱ्याच्या यंत्रात आत जायला वाटच नाही. खरा तानपुरा मांडीवर घेऊन, तारांना हात न लावता, षड्ज नेमका लावून पाहा: जोडाच्या तारा आपोआप गुणगुणतात, भोपळ्यातून ते जाणवतं. स्वर जरा हलला की त्या गप्प. हे उत्तर यंत्र देत नाही, कारण ते ऐकतच नाही. दोष डिजिटल असण्याचा नाही. नक्कल निष्पत्तीची केली, प्रतिसादाची केली नाही.

यंत्राचे उपकारही मान्य केले पाहिजेत. पावसाळ्यात आमच्या पंचवटीतल्या घरात तारा तासाभरात उतरतात. यंत्र उतरत नाही. याच सोयीपायी मी माझा मिरजेचा तानपुरा आठ वर्षं गवसणीत ठेवला. गेल्या वर्षी बाहेर काढला तेव्हा जवारी बसलेली होती, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते असं, की मला तो जुळवता येईना. आठ वर्षं रोज अचूक षड्ज ऐकूनही मणका किती सरकवायचा हे कानाला कळत नव्हतं.

जवारी काढून आणली. आता रियाजाला यंत्र लावतो ते जोड जुळेपर्यंत, मग बंद करतो. पंचम अजून मनासारखा लागत नाही.